संधिसाधू जंतू आणि त्यांवरील औषधे



कामगार संघटनेच्या माणसाने औषधांविषयी बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नाही. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात बसून, आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून विचारून. तेव्हा कोणा रोग्याला औषध सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि आज तो आम्ही गाजविणारही नाही. परंतु आमच्या हातून एक चूक घडली. ती चूक आपणांपैकी पुष्कळ जण चांगल्या हेतूने नेहमी करीत असतात. ती चूक का आहे हे समजून घेण्यात आमची दोन वर्षे गेली. जेवढे समजले तेवढे आपल्यापुढे ठेवावे, एवढ्याचसाठी आम्ही येथे उभे आहोत.

गोष्ट आहे नारायणगावच्या टोमॅटो बाजारातील. हंगाम ऐन भरात होता. आमच्या संघटनेतील एका हमालाच्या पायाला ट्रकच्या फाळक्यातील गंजका खिळा लागला. माणूस पंचेचाळिशीचा, अंगाने दणकट. दिवसाचा रोजगार बुडू नये म्हणून त्याने जखमेला चिंधी बांधली आणि तीन दिवस तसेच क्रेट उचलले. चौथ्या दिवशी तो आम्हाला म्हणाला, "अण्णा, दुखत न्हाई फार, पण पाय जड झालाय." दाढ दुखली होती तेव्हाच्या चार कॅप्सूल आमच्या पिशवीत उरलेल्या होत्या. त्या आम्ही त्याच्या हातावर ठेवल्या आणि सांगितले, "घे, उद्यापर्यंत उतरेल." दोन दिवस खरोखरच बरे वाटले. आठव्या दिवशी पाऊल सुजून काळेनिळे झाले होते आणि दुर्गंधी येत होती. पुण्याला नेले तेव्हा रक्तातील साखर ३०० च्या वर निघाली. मधुमेह आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. म्हणूनच पाय दुखत नव्हता, कारण पायातील संवेदनाच मंदावली होती. दोन बोटे कापावी लागली.

तेथील डॉक्टरबाईंनी पू तपासायला पाठविला होता. उत्तर आले ते त्यांनी आम्हाला शांतपणे समजावून सांगितले. जखमेत दोन जातींचे जंतू होते. एक त्याच्या स्वतःच्या कातडीवर नेहमी राहणारा. दुसरा ओल्या मातीत आणि पाण्यात सर्वत्र आढळणारा. आमच्या कॅप्सूलने पहिल्याला थोडा धाक बसला असेल. दुसऱ्यावर त्या औषधाचा काहीच परिणाम होत नाही. त्या म्हणाल्या, "हे जंतू एरवी कोणाला काही करीत नाहीत. ह्यांना आम्ही संधिसाधू जंतू म्हणतो."

संधिसाधू हा शब्द आमच्या ओळखीचा. चळवळीत संधिसाधू माणसे आम्ही उभा जन्म पाहिली. परंतु तो शब्द वैद्यकातही आहे, आणि तेथे त्याला फार नेमका अर्थ आहे, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम कळले.

संधिसाधू जंतू म्हणजे कोण?

आपण लहानपणापासून ज्या रोगजंतूंविषयी ऐकत आलो, ते उघड शत्रू होत. पटकीचा, प्लेगचा किंवा विषमज्वराचा जंतू पुरेशा संख्येने शरीरात शिरला म्हणजे धडधाकट माणसालाही आडवा पाडतो. संधिसाधू जंतूंची तऱ्हा निराळी. ते आपल्यातच राहतात. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस नावाचा जंतू साधारणपणे दर तीन माणसांपैकी एकाच्या नाकात बिऱ्हाड करून असतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. ई. कोलाय आणि क्लेब्सिएला हे आपल्या आतड्यात असतात. स्यूडोमोनास हा ओलाव्याचा सोबती; मोरीत, डबक्यात, मातीत, नळाच्या तोटीवर तो सापडतो. हीच आतड्यातील ई. कोलायची सामान्य वस्ती मूत्रमार्गात चढली की लघवीला जळजळ आणि थंडी भरून ताप. नाकातील स्टॅफिलोकॉकस जखमेत उतरला की गळू, आणि रक्तात उतरला की जिवावरचे दुखणे. म्हणजे जंतू तोच. त्याची जागा बदलली, किंवा पहारा ढिला पडला, की तो रोग होतो.

हा पहारा कसला? पहिली भिंत कातडीची. ती अखंड असेल तर बहुतेक जंतू बाहेरच राहतात. दुसरा पहारा जठरातील आम्लाचा, डोळ्यांतील पाण्याचा, खोकून कफ बाहेर टाकण्याच्या शक्तीचा. तिसरा रक्तातील पांढऱ्या पेशींचा; त्या आत शिरलेल्या जंतूला गिळून टाकतात. आणि चौथा पहारा असा की, त्याची आम्हाला कल्पनाच नव्हती. आपल्या आतड्यात आणि कातडीवर निरुपद्रवी जंतूंची जी दाट वस्ती असते, तीच परक्याला थारा देत नाही. सगळ्या जागा आणि सगळे अन्न तिने आधीच व्यापलेले असते.

पहारा ढिला कशाने पडतो?

मधुमेहात पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, पायाकडील रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम झाल्याचे कळत नाही. तिन्ही वाटा एकदम उघडतात. पाठीवर उठणारे मोठे गळू, ज्याला जुनी माणसे काळपुळी म्हणत, ते पुष्कळदा मधुमेहाच्या रोग्याला होते ते याचमुळे. भाजलेल्या माणसाची भिंतच गेलेली असते. त्याच्या जखमेतील हिरवट पू ही स्यूडोमोनासची खूण. कुपोषित मूल, वृद्ध माणूस, दारूने पोखरलेला माणूस, कर्करोगाची औषधे घेणारा रोगी, एच.आय.व्ही.ची बाधा झालेला रोगी, या सर्वांचा पहारा कमजोर असतो. इस्पितळात लघवीसाठी बसविलेली नळी आणि शिरेत लावलेली सुई यांनी रोग्याचा जीव वाचतो. परंतु त्याच नळ्या जंतूंनाही आत येण्याची पायवाट होतात. म्हणून गरज संपताच त्या काढावयाच्या असतात.

दुसऱ्या रोगाने थकलेले शरीर हीही एक संधीच. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी जगभर साथ आली, तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. आम्हा जुन्नरकरांना मानमोडी म्हटले की लेण्यांचा डोंगर आठवतो. पण आमच्या आजोबांच्या पिढीला त्या शब्दाने वेगळीच धडकी भरत असे. त्या साथीतील मृतांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचा अभ्यास अलीकडे पुन्हा झाला, आणि २००८ साली शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष मांडला की, बहुतेक मृत्यू एकट्या इन्फ्लुएंझाने नव्हे, तर त्याने घायाळ केलेल्या फुप्फुसात शिरलेल्या नेहमीच्या जंतूंच्या न्यूमोनियाने झाले. हे जंतू पुष्कळांच्या घशात आधीपासूनच होते. १९१८ साली त्यांवर औषध नव्हते.

आमच्या जुन्नर-आंबेगावात आणखी एक उदाहरण आहे. ते शहरातील लोकांना सुचणार नाही. उसाच्या फडात बिबट्याने पंजा किंवा दात मारल्याच्या घटना आपण वारंवार ऐकतो. मांजराच्या जातीतील प्राण्यांच्या तोंडात पाश्चरेला नावाचा जंतू गुण्यागोविंदाने राहतो. दातांवाटे तो माणसाच्या मांसात खोल गेला की काही तासांतच सूज आणि पू धरतो. अशी जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना भरू नये, आणि रुग्णालय गाठावे. तेथे रेबीजची लस, जखमेत द्यावयाचे रेबीजविरोधी इंजेक्शन, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि या जंतूंवरील औषध, ही सर्व मिळून उपचार पुरा होतो. त्यांतील एक घेतले म्हणून दुसरे सोडावयाचे नसते.

औषध कसे आले आणि ते काय करते?

प्रतिजैविक, म्हणजे ज्याला आपण अँटिबायोटिक म्हणतो, ते आज इतके सर्रास झाले आहे की, त्यापूर्वीचे जग कसे होते याची आपणांस आठवण उरलेली नाही. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बशीतील स्टॅफिलोकॉकसच्या वाढीवर एक बुरशी पडलेली दिसली. बुरशीभोवतालचे जंतू विरघळून गेले होते. त्या बुरशीतील द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. त्याचे औषध करण्याचे काम ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन, हीटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला ते टोचले. चेहऱ्यावरच्या जखमेतून जंतू शिरून त्याचा एक डोळा गेला होता, फुप्फुसापर्यंत पू झाला होता. पाच दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. परंतु जगातील सगळे पेनिसिलिन तेवढ्यात संपले. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले औषध गाळून पुन्हा टोचण्यापर्यंत मजल गेली. तेही पुरले नाही. दुखणे उलटले आणि मार्च महिन्यात तो दगावला.

ही हकीकत वाचली तेव्हा आमच्या मनात आमच्या चार कॅप्सूल आल्या. त्या शिपायाचे औषध अपुरे पडले, कारण ते जगातच नव्हते. आमच्या हमालाचे औषध अपुरे पडले, कारण ते आम्ही दिले होते.

पुढे आपल्या देशाने हे औषध स्वतः करावयाचे ठरविले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, पिंपरी येथे, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन होऊ लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तेथे झाले. गरिबाच्या मुलाचा न्यूमोनिया बरा व्हावा म्हणून ते उभारलेले होते. कालांतराने त्या कारखान्याला वाईट दिवस आले. परंतु हे औषध सर्वांचे आहे, ही जी भावना त्याच्यामागे होती, ती आज आपण पुन्हा ध्यानात घेतली पाहिजे. तिच्याकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

ही औषधे माणसाला न मारता जंतूला कशी मारतात? जंतूच्या शरीराभोवती एक टणक कवच असते. आपल्या पेशींना तसे कवच नसते. पेनिसिलिन आणि त्याच्या घराण्यातील औषधे कवच बांधण्याचे काम बंद पाडतात. वाढता जंतू फुटून मरतो. स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन ही औषधे जंतूच्या प्रथिने तयार करण्याच्या यंत्रणेत बिघाड करतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन जंतूच्या वंशसूत्राची नक्कल होऊ देत नाही. सर्दी, साधा फ्ल्यू, डेंग्यू हे विषाणूंचे रोग. विषाणूला ना जंतूसारखे कवच, ना स्वतःची यंत्रणा. म्हणून त्यांवर प्रतिजैविक घेणे म्हणजे नसलेल्या कुलपाला किल्ली लावणे होय.

उपचार कसा होतो?

संधिसाधू जंतूंच्या उपचारात आम्ही डॉक्टरांकडून जे क्रमाने शिकलो ते असे.

पहिली गोष्ट, पू असेल तर त्याला वाट करून देणे आणि मेलेले मांस काढून टाकणे. साचलेल्या पुवात आणि मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही. जेथे रक्त नाही तेथे औषधही नाही. वरून कितीही गोळ्या घेतल्या तरी गळवातील पू आतच राहतो.

दुसरी गोष्ट, जंतू कोणता ते ओळखणे. पू, लघवी किंवा रक्त यांचा नमुना प्रयोगशाळेत ठेवून जंतू वाढवितात आणि कोणते औषध त्याला मारते ते पाहतात. दवाखान्यात याला कल्चर म्हणतात. याला दोन-तीन दिवस लागतात. नमुना औषध सुरू करण्यापूर्वी घेतला तर उत्तर खरे येते. आम्ही दिलेल्या कॅप्सूलसारख्या अर्धवट गोळ्या आधी पोटात गेलेल्या असल्या तर तेच उत्तर गढूळ होऊ शकते. रोगी अत्यवस्थ असेल तर वाट पाहता येत नाही. तेव्हा नमुना घेऊन लगेच पुष्कळ जातींवर चालणारे औषध सुरू करतात, आणि उत्तर आल्यावर नेमक्या औषधावर येतात.

तिसरी गोष्ट, जंतूला साजेल असे औषध. साध्या अमॉक्सिसिलिनला नष्ट करणारा रस पुष्कळ स्टॅफिलोकॉकस जंतू तयार करतात. म्हणून त्याच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घालतात, ते त्या रसाला अडवून धरते. तरीही स्यूडोमोनासवर ती जोडगोळी चालत नाही. त्याला सेफ्टाझिडिम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, अमिकासिन अशी औषधे लागतात, आणि ती बहुधा शिरेतून द्यावी लागतात. काही औषधांचे मूत्रपिंडावर परिणाम होतात, काहींची एखाद्याला जीवघेणी ॲलर्जी असते. ही निवड औषधाच्या दुकानाच्या फळीवर करावयाची नव्हे, हे एवढ्यावरून ध्यानात येईल.

चौथी गोष्ट, मात्रा आणि मुदत. मधुमेही पायाची वरवरची बाधा एक-दोन आठवड्यांत आटोक्यात येते. बाधा हाडात उतरली आणि ते हाड काढले नाही, तर सहा आठवड्यांपर्यंत औषध लागू शकते. उलट काही दुखण्यांत थोड्या दिवसांचे औषधही पुरते, असे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे. म्हणून नियम एकच: किती दिवस घ्यावयाचे हे डॉक्टरांनी ठरवावे, बरे वाटले म्हणून आपण मध्येच सोडू नये आणि उरलेले पुढच्या खेपेसाठी राखू नये.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पहारा पुन्हा उभा करणे. औषध जंतूंची संख्या कमी करते. शेवटचा निकाल शरीरालाच लावावा लागतो. साखर आटोक्यात आणली नाही, पोटात अन्न नाही, जखम रोज धुतली जात नाही, नळी काढली नाही, तर उत्तमांतील उत्तम औषधही हरते. एच.आय.व्ही.च्या रोग्याला प्रत्येक बाधेवर वेगळे औषध देत राहण्यापेक्षा मूळ रोगावरील औषध नियमाने देणे हाच खरा उपाय ठरला. ते औषध सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत देण्यास प्रारंभ केला, आणि पहारा पुन्हा उभा राहिला की संधिसाधू रोग कसे मागे हटतात हे हजारो घरांनी पाहिले.

औषध निकामी का होते?

पेनिसिलिन पहिल्या रोग्याला टोचण्यापूर्वीच, १९४० साली, त्याला नष्ट करणारा रस जंतूंमध्ये असल्याचे ऑक्सफर्डच्याच अब्राहम आणि चेन यांनी दाखविले होते. फ्लेमिंग यांनीही १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना अपुऱ्या मात्रेच्या धोक्याची स्पष्ट सूचना दिली होती. कोट्यवधी जंतूंमध्ये काही थोडे मुळातच चिवट असतात. औषध आले की कमजोर मरतात. चिवट उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. त्यातही विशेष असे की, ही चिवटपणाची विद्या एक जंतू दुसऱ्याला, अगदी परक्या जातीच्या जंतूलाही, देऊ शकतो. आतड्यातील निरुपद्रवी जंतूने शिकलेली युक्ती उद्या न्यूमोनियाच्या जंतूच्या हाती पडते. म्हणजे अनावश्यक गोळी घेणारा स्वतःपुरता धोका घेत नाही. तो शेजाऱ्याचाही धोका वाढवितो.

संधिसाधू जंतू या विद्येत विशेष तरबेज निघाले. २००८ साली दिल्लीला जाऊन आलेल्या स्वीडनमधील एका रोग्याच्या लघवीत असा क्लेब्सिएला सापडला की, राखून ठेवलेली कार्बापेनेम जातीची औषधेही त्याच्यावर चालेनात. त्याच्या रसाच्या नावात नवी दिल्लीचे नाव आले म्हणून पुढे वाद झाला. वाद नावाचा होता. जंतू मात्र खरा होता. १९५० च्या सुमारास सापडलेले कोलिस्टिन मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून जवळजवळ बाजूला पडले होते. आता अशा रोग्यांसाठी तेच पुन्हा काढावे लागले. अशा चिवट जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला आहे.

आणि या बाबतीत आपण शेतकऱ्यांनी, आम्ही शेतकऱ्यांच्याच घरचे म्हणून आपण म्हणतो, स्वतःकडेही पाहिले पाहिजे. टोमॅटोच्या पानावर ठिपके आले की स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी पाण्यात कालवून फवारणे आपल्या दोन्ही तालुक्यांना नवे नाही. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन आहे. क्षयाच्या रोग्याला ज्याने जीवदान दिले तेच हे औषध. ते मातीत पडते, ओढ्यात जाते, आणि तेथील जंतूंना चिवटपणा शिकण्याची शाळा उघडून देते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने हे औषध शेतीतून टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. कोंबड्यांच्या वाढीसाठी खाद्यात मिसळले जाणारे कोलिस्टिन जुलै २०१९ मध्ये बंद करण्यात आले. कागदावरचा आदेश शेतात आणि खुराड्यात उतरविणे हे मात्र आपले काम आहे.

गरज नसताना घेतलेल्या गोळीचा आणखी एक अपाय आहे. आतड्यातील निरुपद्रवी वस्ती उजाड झाली की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू तेथे माजतो आणि तीव्र हगवण लावतो. म्हणजे औषधानेच पहारा उठविला आणि संधिसाधूला दार उघडून दिले.

आपण काय करावयाचे?

काही गोष्टी प्रत्येकाच्या हातातील आहेत. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. १ मार्च २०१४ पासून एच-वन या अनुसूचीतील औषधे विकताना दुकानदाराने रोग्याचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत नोंदविणे बंधनकारक आहे. त्या वहीचा आग्रह आपण धरावा. मधुमेही माणसाने रोज रात्री दोन्ही तळपाय उजेडात पाहावे, अनवाणी चालू नये. जखम लाल होऊन लाली वर चढू लागली, ताप आला, वास येऊ लागला किंवा कातडी काळी पडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आणि हात धुवावे. १८४७ साली व्हिएन्नामध्ये सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. त्या वेळी प्रतिजैविके नव्हती. न झालेल्या बाधेला औषध लागत नाही, इतकी ती सोपी गोष्ट आहे.

परंतु सगळा दोष रोग्याच्या माथी मारून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. आमच्या हमालाने तीन दिवस का दवडले? दिवस बुडाला की चूल थंड, म्हणून. ऊसतोड कामगार बाई ताप अंगावर का काढते? खाडा पडला की पैसे कापतात, म्हणून. आहुप्याकडच्या किंवा नाणेघाटाकडच्या वाडीवरील माणूस डॉक्टरांकडे न जाता दुकानातून दोन गोळ्या का घेतो? जाण्यायेण्यात दिवस जातो आणि गाडीभाडे गोळ्यांपेक्षा महाग पडते, म्हणून. अर्धवट औषधाचे मूळ पुष्कळदा अज्ञानात नसून रोजंदारीत असते. म्हणून आजारपणाची भरपगारी रजा, बाजार समितीत आणि साखर कारखान्याच्या तळावर साखर तपासण्याची सोय, आणि पुवाचे व लघवीचे कल्चर तालुक्याच्या ठिकाणी होईल अशी प्रयोगशाळा, या मागण्या आम्ही जितक्या मजुरीच्या तितक्याच औषधाच्याही समजतो.

संघटनेत आम्ही एक नियम पाळतो. लढा-निधीतील पैसा कोणा एकाचा नसतो. ज्याला खरी गरज आहे त्याला तो पुरता द्यावयाचा, हात आखडता घ्यावयाचा नाही. आणि ज्याला गरज नाही त्याला एक रुपयाही नाही. नाहीतर टाळेबंदीच्या दिवशी पेटी रिकामी निघते. प्रतिजैविके हा सर्व समाजाचा असाच निधी आहे. तो आपण पैसे मोजून दुकानातून घेतो म्हणून आपला होत नाही. आज उगाच उडविलेली गोळी उद्या कोणाच्या तरी बाळंतिणीला, कोणाच्या तरी भाजलेल्या मुलाला कमी पडणार आहे.

आमचा तो हमाल आज बाजारात वजनाच्या काट्यापाशी बसतो; ओझे उचलण्याचे काम त्याला आता जमत नाही. रोज रात्री त्याची मुलगी बॅटरी घेऊन त्याचे तळवे पाहते. आमच्यावर त्याने राग धरला नाही. तो म्हणतो, "अण्णा, तुम्ही चांगल्यासाठीच दिल्या होत्या." ते खरे आहे, पण चांगल्या हेतूने जंतू मरत नाही. आता आमच्या पिशवीत गोळ्या नसतात. कोणी पाय दाखवायला आला की आम्ही काम सोडून त्याच्याबरोबर दवाखान्यात जातो, आणि त्याचा त्या दिवसाचा खाडा भरून मिळावा म्हणून दुसऱ्या दिवशी भांडायला जातो. आपणांपैकी प्रत्येकाने घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडून पाहावा. त्यात मागच्या दुखण्यातील उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या निघाल्या, तर त्या कोणाच्या हातावर ठेवू नयेत, एवढीच आमची विनंती आहे.